सोमाजीबाबांची दरखास्त

"दरखास्तीत 'विनंती' घालू नका, गुर्जी. 'कृपा' बी नको. भीकच मागायची तर मला लिवनारा कशाला लागतो?"

सोमाजीबाबांची आणि माझी ओळख अशी माझ्या चुका काढण्यापासून झाली. मी तेव्हा सोनपेठला शाळेत मास्तर होतो. पोरांना अर्ज लिहायला शिकवताना 'आपण कृपावंत होऊन' हे शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले होते की ते माझ्या हातातून आपोआप उतरायचे. आणि इथे आठवडी बाजारात पत्रावळ्या विकणारा एक निरक्षर म्हातारा माझ्या ओटीवर उकिडवा बसून ते खोडायला लावत होता. मी विचारलं, "मग काय लिहू?"

"लिवा, 'कळवतो'. तुमी आमाला असं असं केलं, अन् त्याचं आमाला असं असं भरून द्या."

"बाबा, असा अर्ज साहेब लोक वाचत नाहीत."

"न्हाई वाचनार ते कसा बी लिवला तरी न्हाईच वाचनार. मग ताठ लिवा की."

मी ताठ लिहिलं. पुढच्या सात-आठ वर्षांत अशा कितीतरी दरखास्ती मी लिहिल्या आणि एकीतही 'विनंती' घातली नाही. त्याचा फायदा काही झाला नाही, पण मला सवय मात्र लागली. वरच्या ऑफिसला माझ्या रजेचा अर्जसुद्धा मी नंतर 'कळवतो' म्हणूनच लिहायला लागलो आणि हेडमास्तरांच्या शिव्या खाल्ल्या.

दरखास्त होती गोदाकाठच्या एका मठावर. मठाचं नाव इथे लिहीत नाही. ते लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. निजामाच्या काळात लोक त्या मठाला नवसाचं मूल सोडायचे. पोर दुखण्यातून उठलं की देवाचं म्हणून सोडायचं, घरात खाणारी तोंडं जास्त झाली तरी देवाचंच म्हणून सोडायचं. मठात गेल्यावर पोराचं घरचं नाव संपायचं. ज्या वारी आणलं तो वार त्याला चिकटायचा. सोमवारी आणला तो सोमा. मंगळवारची ती मंगळा. आमच्याकडे गुरुवारला बेस्तरवार म्हणतात, म्हणून त्या वारचा बेस्त्या. आईनं आपलं नाव काय ठेवलं होतं ते सोमाजीबाबांना आठवत नव्हतं. पाच वर्षांच्या पोराला कितीसं आठवणार? रेशनकार्डावर कुणा कारकुनानं 'सोमाजी मठकर' असं लिहून टाकलं होतं. त्या कारकुनाचा उद्धार ते महिन्यातून एकदा, साखर आणायला निघाले की, न चुकता करायचे.

मठात ही पोरं शेण काढायची, दळायची, पाणी भरायची, उत्सवाच्या पत्रावळ्या लावायची. सकाळी गादीपुढे रांग असायची. कारभारी नाव पुकारायचा आणि म्हणायचा, "हात!" उजवा वर, डावा खाली अशी ओंजळ त्या क्षणाला पुढे आली पाहिजे. आली तर भाकरी. मागे राहिली तर हातावर वेताची छडी आणि दिवसभर उपास. पण सगळ्यांत वाईट काम पेवातलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल खोली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. मोठा माणूस त्यातून उतरत नाही, म्हणून पोरांच्या कमरेला दोर बांधून त्यांना खाली सोडायचे. बंद पेवातली हवा वाईट असते. पहिल्यांदा दिवा सोडून बघतात, हे साध्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. मठात दिवा सोडत नसत. शुक्रवारी आणलेला सुक्या नावाचा एक पोरगा असाच खाली गेला आणि वर ओढला तेव्हा बोलला नाही.

हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, पानाला पान टाचता टाचता, हात न थांबवता. "दोर ज्याच्या हातात व्हता त्यो कारभारी त्या वक्ताला पान खायलाता. म्या बघितलंय." एवढं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, हेडमास्तर यंदाच्या स्नेहसंमेलनाला पत्रावळ्या घेणार की नाही.

तेव्हापासून कुठलीही गोष्ट कानावर आली की त्यांचा प्रश्न ठरलेला. नळयोजना येणार म्हटलं, "दोर कुनाच्या हातात हाय?" पुढाऱ्यानं भाषणात शब्द दिला, "दोर कुनाच्या हातात हाय ते बघा आदी." माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न केला. सरकारी दवाखान्यातली नर्स ओळखीची आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

रझाकारांच्या धामधुमीत ते मठातून निसटले. "समदं जग पळायलंतं, त्यात म्या बी पळालो. कुनाच्या ध्यानात बी आलं न्हाई." मग सालगडी म्हणून राबले, विहिरी खणल्या, आणि पाठ गेल्यावर पत्रावळ्यांवर आले. लग्न केलं नाही. छपराखाली झोपले नाहीत. पावसाळ्यात मारवाड्याच्या दुकानाच्या पत्र्याखाली पाय आत आणि डोकं बाहेर काढून निजायचे. माझ्या घरीही दाराकडे तोंड करून, उंबऱ्यापाशीच बसायचे. दार वाऱ्यानं लोटलं गेलं की बोलता बोलता उठून उभे राहायचे. बाजाराच्या दिवशी त्यांच्या पुढ्यात पळसाच्या पानांच्या पत्रावळ्यांचे गठ्ठे असायचे, पण स्वतः जन्मात कधी पत्रावळीवर जेवले नाहीत. एक चेपलेली ॲल्युमिनियमची थाळी होती, तीच धुऊन घ्यायचे.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. सोमाजीबाबा माझ्या ओटीवर यायचे, पोटभर बोलायचे, पण पाणी घेत नसत. आणि ते लपवायचेही नाहीत. एकदा माझ्या बायकोनं तांब्या पुढे केला तर म्हणाले, "माय, राग धरू नगं. जीव म्हनतो पी. हात उचलंना. हात मठात वाढलाय." ती आत जाऊन माझ्यावर चिडली. मलाही राग आला होता. घर सोडायला सांगणारे घरमालक त्या वर्षांत मी पाहिले होते, दारावरून जाताना थुंकणारेही पाहिले होते, पण आपल्या हाताची अशी तक्रार करणारा माणूस पाहिला नव्हता. म्हणून राग पुरा धरता येईना.

"तुमी लोक बरे," ते मला म्हणायचे. "एका दिसात देव सोडला. मला चाळीस वरसं झाली, सुटंना. सकाळी उठलो की तोंडात त्याचंच नाव येतंय. शिवी द्यायला जातो अन् नाव येतंय."

पुढे एका चैत्रात, भर दुपारी, बाजारातून उन्हानं काळवंडून आले आणि न बोलता तांब्या उचलून घटाघटा प्यायले. मग स्वतःच्या हाताकडे बघून असे हसले की माझी मुलगीही हसायला लागली. "सुटला बघा, गुर्जी! हात सुटला!" त्या दिवशी मीही मनाशी धरलं की हा माणूस आता मठातून पुरता बाहेर आला. शहाण्या माणसानं अशी खूणगाठ बांधू नये.

त्यांचं मागणं दोन ओळींचं होतं. मठानं लिहून द्यावं की आम्ही ही पोरं घेतली, राबवली, मारली आणि एकाचा जीव घेतला. आणि जी जिवंत आहेत त्यांना मरेपर्यंत पोटाला द्यावं. भिक्षा म्हणून नाही, भरपाई म्हणून. मठाकडे गोदेच्या काळ्या रानाची बक्कळ जमीन होती. "त्या रानात आमची हाडं गळून पडलेली हायेत," म्हणायचे.

एकट्याची दरखास्त कुणी मनावर घेणार नाही म्हटल्यावर ते बाकीच्यांना हुडकायला निघाले. पत्रावळ्या विकून एस.टी.चं भाडं जमलं की निघायचे. पूर्ण्याला मंगळा सापडली. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारल्यावर लेकाकडे राहत होती, तोंडानं फटकळ. बेस्त्या चारठाण्याला, जुन्या देवळांच्या आवारात बसलेला, डोळ्यांनी अधू. बाबांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून कारभाऱ्यासारखं नुसतं "बेस्त्या!" म्हटलं, आणि आंधळा म्हातारा ओंजळ पुढे करून मोकळा झाला. हे सांगताना बाबा पोट धरून हसले. म्हणाले, "म्या त्याला लय शिव्या दिल्या. म्हनलं, अजून हात पुढं करायला व्हय रे!" आणखी दोघं सापडले, पण चौकशी लागेपर्यंत ते जगले नाहीत.

उत्तरं येत गेली. मठाच्या दप्तरी अशा नावांची नोंद नाही. मुदत उलटून गेली आहे. मठानं पूर्वी अनाथांना आश्रय दिला असल्यास तो धर्म म्हणून दिला असेल, सबब देणं लागत नाही. हे 'असल्यास' वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "म्हंजी आमीच त्याहिचं खाल्लं. चला, आता आमीच भरपाई देऊ."

यात माझंही नाव मठाच्या लोकांपर्यंत पोचलं. नामांतरवाल्यांचा मास्तर म्हाताऱ्यांना फूस लावून मठाची बदनामी करतोय, असं गावात फिरायला लागलं. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं आणि बाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला मुलंबाळं आहेत." मी बाबांना म्हटलं, पुढची दरखास्त दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्यांनी मान हलवली. त्या आठवड्यात ते आले नाहीत. पुढच्या आठवड्यात मीच बाजारात जाऊन त्यांच्यापाशी बसलो आणि गुडघ्यावर कागद ठेवून तिथेच लिहायला घेतलं.

शेवटी चौकशी लागली. वरून एक साहेब येणार, मठातच बसून दोन्ही बाजू ऐकणार. मंगळाबाई आणि बेस्तबाबा आदल्या दिवशीच सोनपेठला आले. सकाळच्या गाडीत बाबांनी त्यांना एकच गोष्ट पढवली. आमच्या भागात बांधाचं भांडण असो की भावकीचं, ते मठात मिटवायची रीत होती. गादीवरून दोघांच्या हातावर खोबरं-खडीसाखर पडायची. ती घेतली की विषय संपला. त्यावर पुन्हा तोंड उघडणारा खोटा. कोर्टाचा निकाल लोक मानत नसत, पण मठाची खडीसाखर फिरवल्याचं ऐकिवात नव्हतं.

"हात पुढं करायचा न्हाई," बाबा सांगत होते. "कुनी बी म्हनू द्या. पानी बी आपलंच प्यायचं."

"तुझा तू संभाळ," मंगळाबाई म्हणाल्या. "मला शिकवायलाय!"

तिघांच्या भाकरी एका फडक्यात बांधलेल्या होत्या आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती.

मी आत गेलो नाही. अर्जदारांशिवाय कुणी नको असं सांगितलं होतं हे खरं. पण ती पायरी आमच्या लोकांनी चढायची नाही असा तिथला जुना दंडक होता, आणि कायद्यानं तो कधीच मोडला असताना, हातात नोकरी असलेला मी मास्तर, पायरीखालीच चपला सांभाळत उभा राहिलो. मला कुणी अडवलं नव्हतं. सोमाजीबाबांच्या हाताला मी पुढे कधी नावं ठेवली नाहीत, त्याचं कारण हे आहे.

मंडपातलं सगळं दिसत होतं. नवे महाराज तरुण होते, शिकलेले, बोलायला मऊ. साहेब खुर्चीवर, कागद मांडीवर. मंगळाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी दणकून सांगितलं. बेस्तबाबा रडत बोलले, पण बोलले. मग सोमाजीबाबा उठले. मी त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. सुक्याला पेवात सोडल्याचं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, एका आवाजात, मला सांगितलं होतं तसं. साहेबांची लेखणी चालत होती. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तसं वाटलं.

महाराज म्हणाले, "बाबांनो, फार सोसलंत. आधी प्रसाद घ्या, मग पुढचं बोलू." एक सेवेकरी ताट घेऊन आला. मंगळाबाईंनी हात पदराखाली घेतले. बेस्तबाबांनी काखेत दाबले. सोमाजीबाबांनी पाठीमागे बांधले. सेवेकरी ताट घेऊन तसाच उभा राहिला.

तेव्हा गादीच्या डाव्या अंगाला बसलेला एक पार वाकलेला म्हातारा उठला. तो मठाचा जुना कारभारी. त्यानं ताटातली चिमूट उचलली आणि म्हणाला, "सोम्या. हात."

आवाज मोठा नव्हता. पण बाबांचे हात पाठीमागून सुटले आणि पुढे आले. उजवा वर, डावा खाली. त्यात खडीसाखर पडली.

"टाक ते!" मंगळाबाई ओरडल्या. "मुडद्या, टाक खाली!"

टाकता येत नव्हतं. प्रसाद भुईवर टाकायचा नाही, हेही त्याच मठात शिकलेलं. ते ओंजळीकडे बघत तसेच उभे होते. मग त्यांनी पायरीकडे पाहिलं. मी तेवढ्या वेळात आत जाऊन त्यांच्या ओंजळीतलं काढून घेऊ शकलो असतो. माझा तिथे कुठलाही देव नव्हता. मी गेलो नाही. त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली.

साहेब आमच्याच भागातले होते. त्यांना रीत ठाऊक होती. त्यांनी पेनाला टोपण घातलं, कुणालाही न विचारता, आणि महाराजांना म्हणाले, "चांगलं झालं. घरातलं घरात मिटलं." नंतर जो कागद आला त्यात एकच ओळ होती: उभय पक्षांत सामोपचाराने समझोता झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

परतीच्या गाडीत मंगळाबाई वेगळ्या बाकावर बसल्या. पुढे त्या बाबांशी बोलल्या नाहीत ते नाहीच. बेस्तबाबा सारखे विचारत होते, "झालं का? भेटलं का काई?" त्यांना काय झालं ते दिसलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नाही. ते त्याच हिवाळ्यात चारठाण्याला वारले. मी बाबांना म्हटलं, आपण पुन्हा लिहू, दबाव आणला म्हणून लिहू. ते म्हणाले, "कुनी दाबलं, गुर्जी? दोर माझ्याच हातात व्हता की." नंतर ते ओटीवर यायचे, पण दरखास्तीचा विषय काढत नसत. मीही काढत नसे. माझ्या घरचं पाणीही त्यांनी पुन्हा घेतलं नाही. बायको तांब्या पुढे करायची आणि ते हात मांडीखाली घालून बसायचे.

वर्षभरात माझी बदली जिंतूरकडे झाली. येणं-जाणं तुटलं. विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. कुणी हसत होतं, कुणी गेलेल्यांची नावं घेऊन रडत होतं. मला सोमाजीबाबांची आठवण आली. का ते सांगता येणार नाही. दुसऱ्या रविवारी मी सोनपेठला गेलो. मारवाड्याच्या दुकानापुढे ते नव्हते. दुकानदार म्हणाला, "म्हातारा मठात असतो आता. मठानं निराधारांचं अन्नछत्र काढलंय न्हवं का."

मी मठात गेलो. या वेळी पायरी चढलो. कुणी विचारलंही नाही. भिंतीवर नवा रंग होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अनाथांचा आधार'. मंडपात पंगत बसली होती. बाबा शेवटून तिसरे होते, छपराखाली, भिंतीला पाठ लावून. अंगावर मठानं दिलेली पांढरी बंडी होती. मी पुढ्यात बसलो, नाव सांगितलं. त्यांनी ओळखल्यासारखं केलं, पण ओळखलं की नाही ते मला कळलं नाही.

भात वाढत एक बाई आली. मोठ्या मनाची, घाम पुसत सगळ्यांची चौकशी करणारी. मला म्हणाली, "तुमचे कोन हायेत?"

मी काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "म्या इथलाच हाय. ल्हानपनापासून. मला सोमवारी आनलं."

"हे असंच सांगतेत बघा समद्यास्नी," बाई हसून म्हणाली. "वय झालंय, ध्यानात ऱ्हात न्हाई काई. बाबा, मठात कवा पोरं व्हती का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गादीकडे पाहिलं.

"न्हवती," ते म्हणाले, आणि त्यांनी भातावर वरण मागितलं.